बुजवलेल्या तळ्याचे बेडूक

दाताच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडत होतं. दोघी निसर्ग मंडळाच्या, शाळाशाळांतून हिंडणाऱ्या.

"बाई, काल मुलांना ऐकवलेले बेडकांचे आवाज कुठले?"

"आपल्या तळ्यातले."

"ते तर कधीच बुजवलं. त्याच्यावरच हा दवाखाना बांधलाय."

"अगं, म्हणून तर इथेच येऊन आवाज टिपते. दर वर्षी."

"काहीतरीच तुमचं. फरशीखाली बेडूक जगतील होय?"

"जगलेत असं मी कुठे म्हटलं?"

"मग आवाज कुणाचा टिपता?"

"सुरुवातीला आवाज फार खोलवरून यायचा. फरशीला कान लावावा लागायचा."

"आणि यंदा?"

"यंदा बसल्या जागी ऐकू येतो."

शिंप्याने हळूच पाय वर घेतले. चपला ओल्या झाल्या होत्या.