शेरूची झडती

आमचा शेरू तुरुंगातून आणलाय, माहितीये ना? तिथे कैदी भटकी पिल्लं सांभाळतात, शिकवतात, मग ती घरोघरी देतात. शेरूला सदाभाऊ नावाच्या कैद्याने वाढवलेलं.

बोरीवलीला आणला, तर पठ्ठ्या सोसायटीच्या गेटवर बसायचा तो हलायचाच नाही. ओढला, बिस्किटं दाखवली, छे! शेवटी सदाभाऊंनाच विचारून घेतलं. निरोप आला, "वॉचमनला त्याची झडती घ्यायला सांगा."

अरे, तुरुंगाच्या गेटवर झडतीशिवाय कोणी जात नाही, कुत्रासुद्धा! वॉचमनने पाठी-पोटावर हात फिरवला आणि शेरू निघाला.

म्हटलं, ही सवय मोडणारच. रोज गेटवर शेरूची आणि माझी ओढाताण चालायची, पण मी सोडलं नाही. मोडली एकदाची.

पुढे सदाभाऊ सुटले आणि शेरूला भेटायला आले. मी आणि शेरू खाली उतरलो, तर हे गेटवर वॉचमनसमोर दोन्ही हात वर करून उभे!

"अहो, चला ना आत."

हलेनात यार. शेवटी शेरूनेच त्यांची पँट दातात धरली आणि ओढत आत आणलं.

सदाभाऊ डोळे पुसत म्हणाले, "हे मी नव्हतं हां शिकवलं याला."