टेबलावरचा डोंगर आणि लाल डगलेवाले

…आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "काका, टोपी कसली हवी? पांढरी की चहात बुडवलेली?" आता मला सांगा, चहात बिस्किट बुडवतात हे मला माहीत आहे, टोपी कोण बुडवतं? तर म्हणे, "काका, पांढरी टोपी लांबून दिसते ना, म्हणून खऱ्या लढाईत गोऱ्या साहेबाचे शिपाई ती चहाच्या पाण्यात रंगवायचे. तुमची लढाई सुरुवातीची आहे की नंतरची?" अहो, माझी लढाई रविवारची आहे! जेवणं झाली की, डायनिंग टेबलावर! त्यात कसलं आलंय सुरुवातीचं आणि नंतरचं? पण नाही… तुम्हाला सांगतो, सैनिक निवडणं म्हणजे खायचं काम नाही!

हसू नका. हे बोटाच्या पेराएवढे धातूचे सैनिक असतात, त्यांना रंग द्यायचा, टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, आणि साहेबाच्या पलटणीनं कुठल्यातरी डोंगरातल्या लोकांवर केलेली चढाई पुन्हा एकदा लढायची. असा खेळ असतो. मोठी माणसं खेळतात. आमच्या हिला नाही पटत, ते सोडा. परवा म्हणाली, "अहो, मला बघायला आला होतात तेव्हा नाही एवढा वेळ लावलात!" मी म्हटलं, "अगं, तेव्हा समोर एकटी तूच होतीस, इथं तीन कारखान्यांचा माल आहे." झालं! दोन दिवस अबोला.

पण खोटं नाही हो. एका कारखान्याचे शिपाई असे गुबगुबीत, की वर्षभर सासुरवाडीला राहून आलेत, दुसऱ्याचे असे, की कालच टायफॉईडमधून उठलेत, आणि तिसऱ्याचे अंगानं बरे, पण डोकं? निम्मा माणूस म्हणजे डोकंच! आता हे एका रांगेत उभे केले तर पलटण दिसेल का दवाखान्याची ओळ? त्यात पुन्हा कोणी चालतोय, कोणी गुडघ्यावर बसलाय, कोणी नेम धरून उभा. नेमवाला मागे ठेवला तर पुढच्याच्या पाठीत गोळी! मी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतो, बारीक बघण्यात माझा जन्म गेला, तरी माझे डोळे पाझरायला लागले… सैनिक निवडणं म्हणजे खायचं काम नाही!

आणि हे सगळं कोणासाठी? तर दादासाठी. माझा थोरला भाऊ. लहानपणी आम्ही हीच लढाई खेळायचो, आईच्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांनी. उशांचा डोंगर, त्यावर दादाची रंगीबेरंगी बटणं, म्हणजे डोंगरवाले, आणि खाली फरशीवर माझी लाल बटणं, म्हणजे लाल डगल्यातला साहेब. मीच का साहेब? कारण मी धाकटा! साहेबानं हरायचं असा नियम, आणि नियम कोणाचा, तर दादाचा. दादा वरून ओरडायचा, "अरे, रडत काय मरतोस? नीट मर! साहेबासारखा मर!" तुम्हाला सांगतो, अख्खं लहानपण मी त्या डोंगराकडे खालून बघत काढलं. एकदा वर बसायचं होतं हो… एकदाच! दादाच्या जागी नाही, दादाच्या शेजारी. पण शेजारी बसलो तर लढायचं कोणाशी, म्हणून राहिलं ते राहिलंच.

मग दादाला नोकरी लागली लांब. लग्नकार्याला भेटणार, फोनवर "बाकी काय?" "बाकी काही नाही." संपला फोन. ज्या माणसाशी पांघरुणात तोंड खुपसून गप्पा मारल्या त्याच्याशी बोलायला विषय सापडू नये, काय म्हणावं याला? आणि मग मला दुकानाच्या काचेत हे सैनिक दिसले. दादाला फोन केला, म्हटलं असं असं आहे, तर दादा इतका बोलला, इतका बोलला… हिनं कुकर दोनदा उतरवला! ठरलं. दादा येणार. मी फौज आणायची, त्यानं फौज आणायची, आणि जुन्या कायद्याप्रमाणे मांडेपर्यंत दाखवायची नाही. "तुझ्या मनाला येईल ती निवड रे," म्हणाला.

माझ्या मनाला! म्हणून गेलो, तर दुकानदारानं एक डोंगरवाला हातावर ठेवला. अनवाणी, खडकावरून उडी घेतोय, हातात भाला, तोंड उघडं. मी भिंगातून बघितलं आणि माझ्याच्यानं तो खाली ठेववेना. हाच! जन्मभर हाच व्हायचं होतं मला! पण मग मनात आलं, मी हा झालो तर दादानं काय करायचं? लाल डगला घालायचा? दादानं? गुडघे दुखत असताना एवढ्या लांबून हरायला येईल तो? आणि एकदा हिरमुसला की पुढच्या वेळी "जमत नाही रे" म्हणेल… ठेवला हो परत. लाल घेतले. अगदी चहाच्या टोपीचे.

रविवार आला, दादा आला. केस सगळे पांढरे. माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मला एकदम भरूनच आलं. टेबलावर थर्माकोलचा डोंगर, अलीकडे मी, पलीकडे तो, मध्ये वर्तमानपत्राचा पडदा. मांडलं. पडदा काढला…

लाल! तिकडूनही लाल! तिकडेही टोप्या चहाच्या!

मी म्हटलं, "दादा, तू लाल?" तर खाली बघून म्हणाला, "अरे, लहानपणी रोज तुलाच मारलं. म्हटलं, या वेळी तू बस वर. मी मरतो नीट." मी आपला चष्मा पुसत बसलो. दोन्हीकडून साहेबच साहेब, आणि ज्यांचा डोंगर त्यांचा पत्ताच नाही! हिनं आतून विचारलं, "भाऊजी, कोण जिंकलं?" दादा म्हणाला, "अगं, ज्यांच्यावर चढाई करायची ते घरीच नाहीत!" हसलो हो, पोट दुखेपर्यंत हसलो. पण लढाई राहिलीच.

गाडीत बसताना दादा म्हणतो, "पुढच्या वेळी तू बदल, नाहीतर मी बदलतो." काय ठरलं? काहीच नाही! मी डोंगरवाले घ्यावेत तर तोही घेणार, लाल ठेवावेत तर तोही ठेवणार, आणि विचारायचं नाही हा कायदा… सैनिक निवडणं म्हणजे खरंच खायचं काम नाही! काल पुन्हा दुकानात गेलो. दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, एक सुचवू? दोन्ही फौजा तुम्हीच घेऊन टाका, मिटला प्रश्न!"

मिटला कसला? दोन्ही फौजा माझ्याच घरी असल्या, तर दादानं यायचं कशाला?