चालू हापसी

...नाही हो, बर्फ नाही म्हणत मी! माझे वडील शाळामास्तर. न पाहिलेलं बोलायचं नाही, हे त्यांनी छडीसकट शिकवलं. म्हणून पापडी म्हणते. बैलांच्या डोणीत त्या सकाळी काचेसारखी पापडी धरली होती, शेतातलं लाखोरी डाळीचं पीक करपून काळं पडलं होतं, आणि अंगणातली आमची हापसी... दांडा वर जाईना की खाली येईना! मी म्हटलं, "अहो, गोंदियाहून मिस्त्री बोलवा." तुम्हाला सांगते, इथंच चुकलं! आमचे हे, सेवकराम, पडले कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारे. मिशीवरचं दव पुसत म्हणाले, "मिस्त्रीले काय समजते? पाणी आमाले वळखते!"

ओळखत असेल बाई. मी कोण नाही म्हणणार?

म्हणाले, "हिले थंडी वाजून रायली." आणि माझी घोंगडी ओढून हापसीला गुंडाळली! म्हणजे हापसी उबेत, मी कुडकुडतेय... तेवढ्यानं भागलं का? छे! भोवती तणस, म्हणजे भाताचा पेंढा, रचली, पेटवली. कुंपणावरून शेजारचे उदारामभाऊ ओरडले, "काऊन गा सेवका, बाळंतीण समजून शेकून रायला का हापसीले?" थोड्या वेळानं अंगणभर चपला भाजल्यासारखा वास! चपला नव्हत्या हं, वास तसा होता. हापसीच्या पोटात चामड्याची वाटी असते, तीच पाणी वर ओढते. ती भाजून शेंगदाण्याएवढी झालेली. आणि माझी घोंगडी? तिचं तर विचारूच नका.

तरी यांचं आपलं चालूच, "पाणी आमाले वळखते!" मग काळा गाळ आणला, त्यात तणस मळली. तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं भोक, ज्या रीतीनं बुजवतात, अगदी त्या रीतीनं हापसी नरड्यापर्यंत बुजवली! अहो, तुडुम पाणी अडवायला बुजवतात, आपल्याला तर पाणी हवंय, असं मी फार सावधपणे सुचवून पाहिलं... तोवर यांनी दांड्यावर भार टाकला. कटाक्! दांडा हातात. आता तो वर जातो, खालीही जातो, न्याल तिकडे जातो!

हसा, हसा. मीही हसले असते.

पण ही हापसी हौसेची नव्हती हो. गावात पाणी एकच, तलावाचं. तिथं आमची लेक सुगरता शिंगाडे तोडायला गेली... आणि तिला घरी आणलं ते यांनी, दोन्ही हातांवर. त्यानंतर तलावाच्या वाटेला माझं पाऊलच पडेना. तेव्हा यांनी ही हापसी आणली, नळ स्वतः ठोकला, म्हणाले, "आता तुले तलावावर जा लागत नाही." ज्यांना पाणी ओळखतं, त्यांचीच पोर पाण्याला कशी ओळखू आली नाही, हे मी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं.

त्या दिवशी घरात पाण्याचा थेंब उरला नाही. घागर कोपऱ्यात. मी घागरीकडे बघते, हे दांड्याकडे बघतात, तलावाचं नाव कोणी काढीना. शेवटी हे खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या येते हापसीले पाणी. पाणी आमाले..." आणि पुढचं बोललेच नाहीत.

सकाळी उठते तो काय, रांजण काठोकाठ! हे उंबऱ्यावर बसून, माझ्याकडे न बघता, "झाली चालू."

मी म्हटलं, "दांड्याशिवाय?"

"दांडा... आतून बसवला."

आता मी पाहिलं तेवढंच सांगते. डोक्यावर घागर घ्यायची माझी चुंबळ ओली होती. यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले होते. आणि रांजणात शिंगाड्याचं एक पान तरंगत होतं. आमच्याकडे गडीमाणूस डोक्यावर पाणी वाहत नाही हो, गाव हसतं! ते पान मी उचललं, पदराला बांधलं, पेलाभर पाणी प्यायले आणि म्हटलं, "गोड लागलं हो हापसीचं."

यांनी मान हलवली. डोळे पुसले म्हणत नाही मी... मिशी पुसली.

तेव्हापासून कोणी विचारलं, "अनुसयाबाई, हापसी चालू आहे ना?" तर शाळामास्तरची मुलगी मी, खोटं कशाला बोलू? म्हणते, चालू म्हणजे किती चालू! रोज उजाडायच्या आत आपल्या पायांनी तलावावर जाते, आणि भरून परत येते.