नऊ नंबरची घंटा

...आणि वर तो नेटवर्कवाला मलाच विचारतो, 'साहेब, स्विच कुठल्या प्रकारचा घेतला होता?' अहो, प्रकार? तुम्हाला सांगतो, माझ्या अख्ख्या आयुष्यात स्विचचे दोनच प्रकार होते, चालू आणि बंद. वृद्धाश्रम चालवतो मी, रॉकेट नाही. वायरमनला म्हटलं, घंटांची नवी यंत्रणा बसवायची आहे, एक मोठा स्विच घेऊन ये, तर त्याने गिझरचा आणला. मग मीच गेलो दुकानात. दुकानदाराने एक काळा चपटा डबा दिला, भोकंच भोकं, प्रत्येक भोकावर दिवा. म्हणाला, वायरी खोचा आणि विसरून जा. मी खोचल्या आणि विसरलो.

व्यवस्था अशी, की प्रत्येक खोलीत पलंगाशी लाल बटणाची एक डबी. दाबली की वायरीतून निरोप जिन्याखालच्या कपाटातल्या स्विचमध्ये, तिथून माझ्या टेबलावरच्या पडद्यावर. खोलीचा नंबर, आणि टिंग टिंग. झकास चाललं होतं. फक्त दहा नंबर जरा जास्त वाजायचा. दहा नंबर म्हणजे माझी सख्खी आत्या. उशी सरळ कर, पंखा कमी कर, पंखा वाढव. एकदा मी म्हटलं, आत्या, ती काय खेळायची वस्तू आहे का? झालं. अबोला. त्यानंतर दहा नंबर एकदम गप्प. मला वाटलं, चला, एकदाची सुधारली.

त्याच सुमाराला नऊ नंबरच्या बाई गेल्या. शाळेत शिकवायच्या, फार शिस्तीच्या, गेल्या त्यासुद्धा झोपेत, कुणाला त्रास नाही. मुलीने सामान नेलं, गादी गुंडाळली, खोली बंद केली. आणि एके दिवशी दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले, आवारात चिटपाखरू नाही, मी पेपर वाचतोय, आणि टिंग टिंग. पडद्यावर बघतो तर... नऊ. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आणि नऊ नंबर वाजतोय.

वर गेलो. जायलाच लागतं, व्यवस्थापक ना मी. दार उघडलं. गुंडाळलेली गादी, बंद खिडकी, कोंदट वास. आणि पलंगाशी डबी असायची तिथे डबीच नाही, भिंतीतून नुसती वायर लोंबतेय. अन् खालून आमची कामवाली मावशी ओरडतेय, 'साहेब, परत वाजली ओ.' आता काय म्हणायचं याला? बटण नाही, बोट नाही, बाई नाहीत, आणि घंटा आहे.

त्या दिवसापासून मावशीने जाहीर केलं, 'पगार कापा नाहीतर मान कापा, त्या मजल्यावर मी थांबायची नाही.' ताटं न्यायची, पण कशी? डोळे जमिनीवर, तोंडातून शब्द नाही, ताट टेबलावर ठेवलं की मागे न बघता धूम. बाकीचे आजी-आजोबा मुलांना फोन करायला लागले, आम्हाला इथून हलवा. अख्खा आश्रम रिकामा व्हायची पाळी. आणि मी? मी शिकलासवरलेला माणूस. मी रोज दुपारी नऊच्या दाराशी हात जोडून उभा राहायचो आणि मोठ्याने म्हणायचो, 'बाई, तुमचं इथलं सगळं झालंय. आता कशात अडकू नका. सुखाने जा.' आणि तुम्हाला सांगतो, घंटा थांबायची. चक्क थांबायची. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा, अगदी हळूच... भ्याल्यासारखी. घंटा भिते का हो कधी? पण मला तसं वाटायचं खरं. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आणि नऊ नंबर वाजतोय.

शेवटी नेटवर्कवाला बोलावला. चष्मा, ढेरी, कंटाळलेला चेहरा. कपाट उघडलं आणि म्हणाला, 'हा तर साधा स्विच. कुठली डबी कुठल्या भोकात आहे हे याला माहीत असतं, पण विचारलं तर सांगत नाही. दुसरा येतो मॅनेज्ड. तो विचारलं की सांगतो, शिवाय घराचे भाग पाडतो, घंटा वेगळ्या, ऑफिस वेगळं, एकमेकांचं एकमेकांना ऐकू जात नाही. आणि तिसरा लेअर थ्री, त्याला राउटिंग येतं. या भागातला निरोप त्या भागात कुठल्या वाटेने न्यायचा, ते तो ठरवतो.'

मी त्याला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला. म्हटलं, तिसरा बसवला तर बाईंना पुढची वाट सापडेल का हो?

त्याने चष्मा काढून पुसला. 'साहेब, स्विच डबीला ओळखतो, खोलीला नाही. आणि मेलेल्यांचं तो काही नेत नाही. वाजतंय म्हणजे नऊची डबी कुठेतरी जिवंत आहे, आणि कुणीतरी ती दाबतंय.'

कुणीतरी दाबतंय. 

कपाटासमोर बसलो दोघं, दिव्यांकडे बघत. तिकडे टेबलावर टिंग टिंग झालं. नऊचं भोक काळंठिक्कर. शेजारचा हिरवा दिवा मात्र लुकलुकला. दहा.

वायरमनला फोन लावला. 'हां, त्या दहाची डबी बिघडली होती ना, म्हणून नऊला कुलूप लागायच्या आधीच तिथली काढून बसवली. नऊ रिकामीच होती की.' नंबर डबीच्या पोटात असतो हे त्या गाढवाला कोण सांगणार? मी जिना कसा चढलो, मला आठवत नाही.

आत्या उताणी पडलेली. चादर गळ्यापर्यंत, एक बोट बटणावर. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'तुला मी दिसते?'

म्हटलं, आत्या, असं काय बोलतेस?

'बटण दाबते, कुणी येत नाही. ताट येतं, पण आणणारी माझ्याकडे बघत नाही. आणि भिंतीतून तुझा आवाज येतो, तुमचं इथलं झालंय, सुखाने जा. अहो-जाहो! जन्मात मला कधी अहो म्हणाला नाहीस तू. तेव्हाच ओळखलं मी, आपण गेलो. जिवंत माणसाला कोण एवढा मान देतो?'

मी तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडलो. लाज कसली त्यात?

मग विचारलं की सांगणारा स्विच बसवला. लेअर थ्री नको म्हणाला तो, एवढ्याशा घराला वाटा कशाला? डब्यांचे नंबर नीट केले, आता दहा म्हणजे दहाच. आणि तो दिवसभर वाजतो. पाणी नको, उशी नको, पंखा नको. मी धापा टाकत दारात पोचलो की ती एक डोळा उघडून नुसतं बघते, आणि मी म्हणतो, 'आहेस, आत्या. आहेस.' मग ती डोळा मिटते. नेटवर्कवाल्याला हे सांगितलं तर हसायला लागला. म्हणे, समोरचं यंत्र जिवंत आहे का बघायला आम्हीही अशीच हाक मारतो, तिला पिंग म्हणतात. म्हटलं, असेल बाबा... पण तुमच्या पिंगला दरवेळी जिना चढावा लागत नाही.