खाटेखालची पाटी

दवाखान्याची पत्र्याची पाटी उतरवताना खिळा करकरला होता, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. वैरागजवळच्या आमच्या गावात डॉक्टरांची नोंदणी तपासायला साहेब येणार होते. आमच्या डॉक्टरकडे नोंदणीच नव्हती. पण माणूस हाकेला धावून यायचा, म्हणून तुमची वहिनी निजायची त्या खाटेखाली मी पाटी लपवली.

साहेबांनी विचारलं, “बाबा, इथं डॉक्टर कोण आहे?”

“कुणी न्हाय की साहेब.”

पुढच्याच महिन्यात त्या डॉक्टरच्या इंजेक्शननं तुमची वहिनी गेली. सासरहून आलेली लेक रडत म्हणाली, “आबा, ह्याला कुणी तपासलं कसं न्हाय?”

मी वाकून पाटी बाहेर ओढली आणि सगळं सांगितलं.

ती रिकाम्या खाटेकडे बघत राहिली. मग निघून गेली.