गोडाऊनातून बाबांचा संदल

माजा जन्म अंजूरचा, खाडीकाठचा, बाप भात लावायचा आनि शेतातून मोकळा झाला की खाडीत जाळं टाकायचा, आमी भावंडं चिखलातच मोठी झालो म्हना ना, आनि मला दिली ती हितं वळ गावाला, मंजे काय लांब न्हाय, पन तवा रिक्षा कुठं व्हत्या, बांधाबांधावरून चालत आले मी नवरी, पायाला धूळ आनि डोक्याला मुंडावळ्या. सासूनं दारात पाय धुतले आनि पयलं काय म्हनाली ठाव हाय, हात दाखव. मला वाटलं बांगड्या बगते. तर तिनं माजा तळवा दाबून बगितला, बोटं दाबून बगितली, आनि सासऱ्याला म्हनाली, चालंल, उगाळंल ही. मी घाबरलेच. म्हटलं ह्येंनी मला नांदायला आनली का उगाळायला.

तर त्याचं असं हाय ताई, की आमच्या शेतात चिंचेखाली बाबांची मजार हाय. बाबा मंजे पीर, लई जुन्या काळातले, तवा हितं राजा कोन व्हता तेपन मला ठाव न्हाय, तुमी शिकलेल्या, तुमाला ठाव असंल. ते अरबस्तानाकडून गलबतातून आले, खाडीनं वर आले, आनि आमच्या बांधावर तापानं फणफणून पडले. आमच्या घरातली तवाची सून शेतात पानी घेऊन गेलेली, तिनं बगितलं की मानूस तापलाय, भाषा कळत न्हाय, कुठला कोन कळत न्हाय, तर ती पळत घरी आली, देवघरातली सहाण उचलली, ती बगा, ज्या दगडावर देवाला गंध उगाळतात ती, आनि शेतात बसून चंदन उगाळून त्येंच्या कपाळाला लावलं. सासरा ओरडला, देवाचं गंध परक्याला लावतेस? ती म्हनाली, मामंजी, ताप काय जात इचारून येतो का. बाबा उठून बसले. मंग हितंच ऱ्हायले, हितंच गेले. तवापासून माघ पुनवेला बाबांचा उरूस, आनि त्या दिवशीचा संदल, मंजे चंदनाचा लेप, आमच्या घरचा. त्याच सहाणेवर, घरच्या सुनेनं उगाळायचा. लेकीनं न्हाय, सुनेनं. भांड्यात भरून, डोक्यावर घेऊन, डफ वाजवत न्यायचा, मजारीला मुजावरानं, मंजे मजारीची सेवा करनाऱ्यानं, लावायचा, आमी बायका चिंचेखाली थांबायच्या. असा मान हाय आमचा.

मुजावर आमचे इब्राहिमचाचा. भिवंडीतले जुने कोकणी मुसलमान, बोलतात आमच्यासारखंच. ते आनि माजे मालक येकाच कारखान्यात लूमवर, येकाच शिफ्टला, म्हनून मला वहिनी म्हनतात. मालक गेले, चाचा लूमवरून घरी बसले, पन संदलच्या दिवशी सकाळीच आमच्या ओटीवर येऊन बसायचे ते काय चुकलं न्हाय. मी उगाळतेय आनि ते गोष्टी सांगतायत. आनि दर वर्षी येकदा तरी म्हननार, वहिनी, आमच्या सुफी लोकांचं हेच असतं, ह्या चंदनासारखं स्वताला झिजवून टाकायचं, काय शिल्लकच ठेवायचं न्हाय. मी म्हनायची, चाचा, झिजतंय ते खोड आनि दुखतोय तो माजा खांदा, त्याचं तुमचे सुफी काय म्हनतात ते सांगा. लई हसायचे. मंग सांगायचे की बाबांना शिकवनारा येक गुरू, त्याचा दुसरा गुरू, त्याचा तिसरा, अशी ती साखळी पार बगदादपर्यंत गेली, त्येला सिलसिला म्हनतात, आनि लूमवर कसं, येक धागा तुटला की मशीन थांबवून गाठ मारावी लागते, न्हायतर कापडात भोक ऱ्हातं, तसंच यात हाय म्हनायचे. आनि वहिनी, तुज्या सासूच्या आधी तिची सासू, तीपन साखळीच की, म्हनायचे. मला बरं वाटायचं ते ऐकून. आमचं नाव कोन घेतंय येरवी.

त्येंची येक गोष्ट मला फार आवडायची, ती बसऱ्याच्या बाईची. बसरा गाव तिकडं अरबांच्यात. तितं जुन्या काळात येक बाई व्हती, गुलाम व्हती आधी, मंग मालकानं सोडली. ती येकदा रस्त्यानं पळत सुटली, येका हातात पेटती मशाल, येका हातात पान्याचं भांडं. लोक म्हनाले, बाई, कुठं निघालीस? ती म्हनाली, ह्या मशालीनं स्वर्ग जाळते आनि ह्या पान्यानं नरक विझवते, मंजे लोक देवाला भीतीनं न्हाय आनि लालचीनंपन न्हाय, नुसतं मायेनं धरतील. काय बाई असंल बगा. मी चाचांना इचारायची, आनि तिचा सैपाक कोन करत व्हतं वो? चाचा म्हनायचे, वहिनी, तू आनि तुजा सैपाक. पन ती बाई माज्या डोक्यातून गेली न्हाय, ती पुढं कामाला आली, ते सांगते.

आता हे गोडाऊनाचं. तुमी आलात तवा बगितलंच असंल, राहनाळपासून हितपर्यंत पत्राच पत्रा. आमच्या चुलत्या-पुतन्यांनी सगळ्यांनी मिळून जमीन द्यायचं ठरवलं, मी काय नको म्हटलं न्हाय, पोरं शेतात उतरायला तयार न्हाईत, कशाला खोटं बोलू. माजा धाकला दीर पुढं व्हता त्या कामात, भला मानूस, त्येनं सगळ्यात आधी सांगितलं की बाबांची जागा द्यायची न्हाय, चिंचेसकट सोडायची, आनि तशी सोडली, खुणा गाडून बाजूला काढली. सगळी खूश. चाचा खूश. आनि कुनाच्या, मी सांगते तुमाला, कुनाच्या म्हंजे कुनाच्या ध्यानात आलं न्हाय की वाट ठेवायची ऱ्हायली.

तुमी हसताय. पन भाताच्या शेताला वाट असते का ताई? आमाला वाट ठावच न्हाय. पावसाळ्यात बांधावरून जायचं आनि माघात तर कापनी होऊन शेत कोरडं, जितं पाय पडंल ती वाट. आमच्या बापजाद्यांनी बाबांकडं जायला वाट म्हनून काय धरलंच न्हाय कवा. जमीन दिली तवा ज्याच्यावरून जायचं ते समदं गेलं आनि जितं जायचं तेवढं ऱ्हायलं. चारी बाजूनी भिंत उठली, आत मोठ्ठं गोडाऊन, आनि त्याच्या मागं चिंच आनि बाबा. आमचे बाबा, आमची जागा, आनि गेटवर वॉचमन म्हनतो, अम्मा, अंदर नहीं जाने का.

माघ जवळ आला तशी माजी झोप गेली. दीर तर मान वर करीना, सारखा म्हनायचा, वहिनी, माज्या ध्यानात कसं आलं न्हाय. मी म्हटलं, आमा कुनाच्या तरी आलं का, जेव गप. पन मला काय खात व्हतं सांगू, मला मान गेला ह्याचं येवढं वाटत नव्हतं. मला वाटायचं, तो मानूस तापानं पडला म्हनून चंदन लावलं ना आमच्या बाईनं. आनि आता चारी अंगांनी पत्रा, दुपारची धग बगा कशी येते त्याची, आनि आताच नेमका संदल न्हाय? हे काय बरं दिसतं का?

गावात सगळे सल्ले द्यायला. पोरं म्हनाली, काकी, सांग त्येंना, बाबा कोपले की ट्रक उलटतील. जाऊबाय म्हनाली, आसं नको, गोडीनं सांग, बाबांना संदल लावू दिला की धंद्याला बरकत येईल. आनि मला येकदम ती बसऱ्याची बाई आठवली बगा. म्हटलं, पोरं नरक दाखवायला सांगतायत आनि जाऊबाय स्वर्ग. मी दोन्ही घेऊन जानार न्हाय. गेले तशीच, रिकाम्या हातानं, आनि मॅनेजरला म्हटलं, बाळा, आमाला पुनवेला संदल न्यायचाय, जाऊ दे. घाटावरचा पोरगा, चांगला व्हता, खुर्ची दिली, पानी दिलं, आनि म्हनाला, आजी, आत कंपन्यांचा माल आहे, बाहेरच्या माणसाला सोडायची परवानगीच नाही, माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, तुजी नोकरी जावी असं बाबांनापन वाटनार न्हाय. आनि आले घरी.

पुनवेला सकाळी चाचा ओटीवर आले. डोळे लाल. म्हनाले, वहिनी, भिंतीबाहेरून फातिहा पढतो, काय करनार. मी आंघोळ केली, सहाण पदरात गुंडाळली, खोड घेतलं, गुलाबपानी घेतलं, आनि चालत गेटवर गेले, चाचा मागं, वहिनी, अगं कुठं, अगं ऐक. गेटच्या बाजूला गोनपाट टाकलं आनि बसले उगाळायला. वॉचमनला म्हटलं, मैं अंदर नहीं आती, तू तेरी ड्युटी कर, मैं मेरी करती.

ताई, वास सुटला हो. डिझेलच्या वासात चंदनाचा वास. ट्रकवाले उतरले, आतले हमाल आले, युपी-बिहारची पोरं, त्येंच्यातली बरीच जेवनाच्या सुट्टीत बाबांना अगरबत्ती लावत व्हतीच, आमालाच ठाव नव्हतं. गर्दी झाली तसा मॅनेजर धावत आला, आजी, हे काय, आंदोलन आहे का? मी म्हटलं, न्हाय रे बाळा, आंदोलन कसलं, संदल आत जात न्हाय तर निदान जवळ बसून उगाळते, वास तरी जाईल त्येंच्यापर्यंत. तो म्हनाला, आणि मग? मी म्हटलं, मंग काय, घरी जाईन, भाकऱ्या टाकीन. म्हनाला, पुढच्या वर्षी? म्हटलं, पुढच्या वर्षी परत येईन की. तो खाली बसला माज्यासमोर, उकिडवा, आनि म्हनाला, आमच्या आजीकडे अशीच सहाण आहे. आनि उठून शेठला फोन लावला. काय बोलला ते मला आयकू आलं न्हाय, पन लई येळ बोलला, हात हालवून हालवून बोलला.

आला तो हसतच आला. म्हनाला, शेठ हो म्हणाले, पण आजी, अडचण आहे. येका बाजूला गटाराचं खोदकाम, दुसऱ्या बाजूला ट्रकांची रांग, मागं जायला जागाच न्हाय. येकच रस्ता. पुढचा शटर उघडायचा आनि गोडाऊनाच्या मधून जाऊन मागच्या शटरनं निघायचं. आनि आत जायचं तर हेल्मेट घालावं लागतं, तो नियम हाय, त्यात सूट न्हाय.

आता काय सांगू तुमाला ती वरात. चाचांच्या टोपीवर पिवळं हेल्मेट. हेल्मेटवर चुंबळ, चुंबळीवर संदलचं भांडं, त्याच्यावर फुलांची चादर. डफवाल्यांना हेल्मेट, दिराला हेल्मेट, माज्या पदरावर हेल्मेट, आनि पुढं मॅनेजर, चमकनारं जाकीट घालून, दोन्ही हात पसरून वाट मोकळी करतोय, जसा काय सात पिढ्यांचा मानकरी. दोन्ही बाजूला छतापर्यंत खोकी, टीव्हीची, मिक्सरची, पोरांच्या लंगोटांची, आनि मधून बाबांचा संदल. डफ वाजला तर पत्र्यात असा घुमला की माज्या अंगावर काटा आला. फोर्कलिफ्टवाल्यानं मशीन बंद केली आनि उतरून हात जोडले. मागचा शटर वर गेला आनि समोर चिंच. मी चिंचेखाली थांबले. चाचा आत गेले. बाहेर आले तवा दोन्ही हात चंदनानं भरलेले, आनि म्हनाले, वहिनी, लागला गं. मी तितंच बसले, जमिनीवर, आनि रडले का हसले मला आठवत न्हाय, पन इतकं हलकं मला लगीन झाल्यापासून कवा वाटलं नव्हतं. दीर तर लहान पोरासारखा हुंदके देत व्हता, हेल्मेट काढायचंपन सुचेना त्येला.

तवापासून दर माघात तसंच. तो मॅनेजर बदलून गेला, पन जाताना नव्याला सांगून गेला, आनि हमाल लोक तर मागच्या शटरला बाबावाला शटरच म्हनतात, बाबावाले शटर पे माल लगा, असं. माजा खांदा गेला आता. माजी सून त्याच गोडाऊनात पॅकिंगला हाय, पुनवेला ड्युटी अर्धी करते, घरी येऊन आंघोळ करून उगाळायला बसते, मी नुसतं पानी घालते थेंब थेंब. आनि संदल निघाला की आमी सगळ्या हेल्मेट मागून घेतो, ती आपलं स्वताचं घालते.

काल पुनवेला चाचा आत जायच्या आधी थांबले. त्येंनापन आता धरून न्यावं लागतं. म्हनाले, वहिनी, इतकी वर्सं झाली, तू बाबांकडं कवा काय मागितलं न्हाईस, आज तरी सांग, काय मागू तुज्यासाठी? मी म्हटलं, मागू नका काय. हात लावून बगा आनि इचारा, ताप उतरला का. चाचा गेले. आले ते हसत आले, ओल्या डोळ्यांनी. म्हनाले, उतरत आलाय म्हनतात, पन चंदन बंद करू नका.

बरं झालं म्हटलं. सहाण हाय, सून हाय, शटर उघडा हाय. आता मला बोलावनं आलं तरी मी कुरकुरनार न्हाय बगा. या ताई, जवळ या, कालचं थोडं ऱ्हायलंय वाटीत, कपाळाला लावते तुमच्या. उन्हातून आलात.