चुन्याचा ठिपका

ताई : ...आणि तो चमचा आठवतो? आईनं दोरी ओवून माझ्या गळ्यात अडकवला होता. शाळेतसुद्धा! तुला फिट आली की मी वर्ग सोडून धावत यायची आणि तुझ्या दातांत तो चमचा.

छोट्या : फडकं गुंडाळून घालायचा होता. एकदा फडकं नव्हतं. हा बघ, अर्धा दात तुझ्याच कृपेनं गेलाय.

ताई : धुवायला टाकलं होतं फडकं! दाताचं काय घेऊन बसलास, जीव वाचला ना?

छोट्या : ताई, आज डॉक्टरांपुढे मला बोलू देशील? एकोणपन्नास वर्षांचा आहे मी.

ताई : बोल की. मी काय तुझं तोंड धरलंय?

डॉक्टर : बसा, बसा, उठू नका. तुमचा एमआरआय बघत होते म्हणून उशीर झाला. आता सांगा, मंगळवारी नेमकं काय झालं?

ताई : पुस्तकबांधणीचं दुकान आहे याचं. कापायच्या यंत्रापाशी उभा होता. मी डबा घेऊन गेले तर याचा डावा हात उडायला लागलेला, मग धाडकन खाली. सहा वर्षं गोळ्या बंद होत्या, डॉक्टर. सहा वर्षांत एक फिट नाही!

डॉक्टर : ताई, त्यांना सांगू द्या ना.

छोट्या : तिचंच खरं धरा. मला फक्त खळीचा वास आठवतो. पुढचं सगळं तिनंच पाहिलं.

डॉक्टर : बरं. आणि पहिली फिट कधी आली होती?

ताई : सात वर्षांचा होता. आमच्या घरामागे लाकडाची वखार होती, तिच्या भिंतीवर चढून आम्ही खेळायचो. मी बारा वर्षांची घोडी. भांडण झालं आणि मी ढकललं याला. डोक्यावर आपटला. महिनाभरानं फिट. आई म्हणाली, तू पाडलंस ना, आता तूच सांभाळ.

छोट्या : ताई, आईचं ते काय घेऊन बसतेस...

ताई : खरं तेच सांगतेय. मी पाडलं, मी सांभाळलं. आजवर.

डॉक्टर : ताई, ऐका. हे पडण्यामुळे झालेलं नाही.

ताई : काय म्हणालात?

डॉक्टर : हा फोटो बघा. हा एवढासा ठिपका, मुगाच्या दाण्याएवढा, आणि भोवती ही पांढरी सूज. फितीसारखा लांब जंत असतो, त्याची अंडी पोटात गेली की पिल्लं रक्तातून कुठेही जाऊन बसतात. कुणाच्या मेंदूत, कुणाच्या पाठीच्या कण्यात. यांच्या मेंदूत एक बसलं. भिंतीचा काही संबंध नाही.

ताई : जंत? डोक्यात? अहो, आमचं घर इतकं स्वच्छ होतं...

डॉक्टर : न धुतलेली कच्ची भाजी पुरते. नाहीतर घरात कुणाला जंत असेल आणि हात नीट धुतले नसतील, तरीही.

ताई : गाजरं! अगंबाई, छोट्या, वखारीमागची गाजरं. सांडपाण्यावर वाढलेली. उपटायची, माझ्या फ्रॉकला पुसायची की कुडुमकुडुम. म्हणजे तीही मीच दिली!

छोट्या : झालं. एक पाप उतरलं नाही तोच दुसरं डोक्यावर घेतलं. तूही खाल्लीस ना? माझ्यापेक्षा मोठं गाजर नेहमी तुझंच असायचं.

ताई : गोड किती होती रे पण. तशी पुन्हा कुठे मिळाली नाहीत.

डॉक्टर : तुमचीही तपासणी करून घेऊ. पण आधी यांचं. जंताचं पिल्लू अजून जिवंत आहे की मेलंय, ते ठरवायला हवं. जिवंत असेल तर मारायचं औषध आहे. पण मरताना ते मेंदूत सूज आणतं, म्हणून सुजेचं औषध आधी सुरू करायचं. त्याच्याही आधी डोळे तपासायचे, कारण डोळ्यात एखादं असलं तर औषधानं नजर जाऊ शकते. सुरुवातीला दवाखान्यात ठेवावं लागेल.

ताई : आणि मेलेलं असेल तर?

डॉक्टर : मेलेल्याला काय मारायचं? पुष्कळदा ते वाळून चुन्याचा खडा होऊन बसतं आणि वर्षानुवर्षांनी भोवती सूज आली की फिट येते. मग सूज उतरवायची, फिटच्या गोळ्या पुन्हा चालू करायच्या, बस. पण एमआरआयमध्ये चुना नीट दिसत नाही, सीटी स्कॅन लागतो. आमचं ते मशीन सोमवारी दुरुस्त होईल. जुना एखादा सीटी असता तर आत्ताच सांगितलं असतं.

ताई : जुना कुठला? कधी काढलाच नाही. ठेवा याला दाखल. मी दुपारीच कपडे घेऊन येते, खाली सतरंजी टाकून झोपेन. दहा दिवस लागू देत, महिना लागू दे. मी आहेच.

छोट्या : तू आहेसच, ताई. तेच तर.

ताई : तेच तर काय? तुमच्यासारखं कुणी आधी भेटलं असतं ना, डॉक्टर! चाळीस वर्षं ती भिंत माझ्या छातीवर होती. कुणी कसं सांगितलं नाही आम्हाला?

छोट्या : मला सांगितलं होतं.

ताई : काय?

छोट्या : डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातल्या बाईंनी जुने कागद आणा म्हणून फोन केला होता. हे घ्या. सीटी आहे, सव्वीस वर्षांपूर्वीचा. पिशवीत घातला होता, पण बाहेर काढीन की नाही, माझं मलाच माहीत नव्हतं.

डॉक्टर : बघू... हो. अगदी त्याच जागी. पांढराशुभ्र चुना. म्हणजे तेव्हाच मेलेलं होतं. मारायचं औषध नको, दाखलही व्हायला नको. मी एकदा फोटोवाल्या डॉक्टरांना दाखवून येते. पाच मिनिटं.

(डॉक्टर बाहेर जातात.)

ताई : सव्वीस वर्षांपूर्वी. म्हणजे भूगोलाचे मास्तर होते तेव्हा.

छोट्या : हो.

ताई : तीनदा आले होते, नकाशांचं पुस्तक बांधायला घेऊन. एकदाही उसवलेलं नव्हतं.

छोट्या : तिसऱ्यांदा तर मीच बांधलेलं होतं. मी काही बोललो नाही. तू आतून पाणी घेऊन आलीस आणि ते पुस्तकाचे पैसे विसरून गेले.

ताई : त्यांची बदली झाली होती. चल म्हणाले. मी म्हटलं, माझ्या भावाला मी पाडलंय, त्याला टाकून मी येऊ शकत नाही.

छोट्या : ताई, मी तुझ्यासाठीच गेलो होतो गं फोटो काढायला. तुला जाता यावं म्हणून. त्या डॉक्टरांनी सांगितलं, जंत होता, मेलाय, बहिणीचा दोष नाही. धावत घरी आलो. तू दिवा लावून बसली होतीस, बांधायला आलेलं कुणाचं तरी पुस्तक मोठ्यानं वाचत होतीस. वाचता वाचता हसत होतीस. घर इतकं छान वाटलं त्या दिवशी. म्हटलं, उद्या सांगू.

ताई : आणि उद्या?

छोट्या : उद्याही तू वाचत होतीस. आठ दिवसांनी मास्तर गेले. मग सांगायला तोंडच उरलं नाही. तो फोटो पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात दडवून ठेवला.

ताई : मला किती वेळा स्वप्नात ती भिंत दिसली, माहीत आहे तुला? ओरडत उठायची मी. पाणी कोण द्यायचं?

छोट्या : मी.

ताई : तू. हातात पेला द्यायचास आणि म्हणायचास, झोप, काही नाही झालं.

छोट्या : हवं तर मार मला. पण बोल काहीतरी.

ताई : काय बोलू? राग आलाय मला, छोट्या. इतका राग आलाय की मला रडायलाही येत नाही. आणि तू बरा आहेस म्हणून बरंही वाटतंय. दोन्ही एकदम कसं वाटतं रे माणसाला?

डॉक्टर : (परत आत येत) चला, शिक्कामोर्तब झालं. जुनाच खडा आहे. घरी जा. सुजेच्या गोळ्या थोडे दिवस, त्या कमी करत बंद करायच्या. फिटची गोळी मात्र वेळ चुकवायची नाही, आणि यंत्रापाशी एवढ्यात उभं राहायचं नाही. ताई, लिहून घेता ना? सकाळी नाश्त्यानंतर...

ताई : मला नका सांगू, डॉक्टर. त्याला सांगा. मी बाहेर बसते.